आजारी माणसाची साक्ष
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवात वणी येथे केलेले भाषण)



ज्युबिलीचा प्रसंग हा प्रथम उपकारस्तुतीचा होय. आपल्या आधी ज्यांनी या धर्मग्रामासाठी श्रम केले, त्यांपैकी कित्येक आज आपल्यात नाहीत. त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नव्हे, आणि त्यांचे गुणवर्णन आमच्याहून अधिक योग्य अशा वक्त्यांनी केलेच आहे. आम्हांस संयोजकांनी आजाऱ्यांच्या सेवेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. मात्र आरंभीच सांगणे अवश्य आहे की, आम्ही वैद्य नव्हे. आजाऱ्याच्या उशाशी ज्यांनी रात्री काढल्या आहेत अशांपैकी आम्ही एक आहोत, आणि त्याच नात्याने बोलणार आहोत.

जुन्या करारातील लेवीय नामक पुस्तकात ज्युबिलीच्या वर्षाचा जो नियम सांगितला आहे त्याचे मर्म असे की, पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून सर्व देशात मुक्तता जाहीर करावी, हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि दास झालेल्याने आपल्या माणसांत परत जावे. ज्याचे जे होते व हातून गेले होते, ते त्याला परत देणे हा ज्युबिलीचा खरा अर्थ होय. आता आजारी माणसाच्या हातून काय जाते? शक्ती जाते, रोजगार जातो, पैसा जातो, हे आपण सर्व जाणतो. पण यांखेरीज आणखी एक वस्तू जाते, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे त्याचा शब्द. दवाखान्याच्या खाटेवर पडताच घरचा कर्ता पुरुष मुका होतो. शेतावर दहा मजुरांस कामे सांगणारी बाई प्रत्येक प्रश्नास नुसती मान हलविते. आणि जवळ बसलेली आई किंवा सून, जिने रात्रभर सर्व काही पाहिलेले असते, तिला तर पुष्कळदा कोणी विचारीतही नाही. हा शब्द आजाऱ्यास परत मिळाला पाहिजे, कारण त्यावर कित्येकदा त्याचे प्राण अवलंबून असतात, एवढेच आज आम्हांस प्रतिपादावयाचे आहे.

औषधोपचाराने माणूस बरा होतो हे जितके खरे, तितकेच उपचारात चूक झाली असता माणसास इजा होते हेही खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे सर्व जगात उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकास उपचारातच काही ना काही इजा पोहोचते, आणि असुरक्षित उपचारांमुळे दरवर्षी ३० लाखांहून अधिक माणसे मरण पावतात. यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोगी असते. एकाचे औषध दुसऱ्यास जाणे, दोन डॉक्टरांनी एकाच गुणाची दोन औषधे देणे, न धुतलेल्या हातांनी जखमेत जंतू जाणे, रुग्णाची प्रकृती बिघडत असता ती वेळेवर ध्यानात न येणे, हे या इजेचे नेहमीचे प्रकार होत.

हे सांगण्यात डॉक्टरांची अगर परिचारिकांची निंदा करण्याचा आमचा लवलेशही हेतू नाही. बहुतेक चुका दुष्टपणातून होत नाहीत. त्या कामाच्या रचनेतून होतात. एका परिचारिकेच्या माथ्यावर अख्खा वॉर्ड असतो. सकाळचा डॉक्टर निराळा, रात्रीचा निराळा. रक्त तपासणारा निराळा, औषध देणारा निराळा. प्रत्येकाच्या दृष्टीस आजाराचा एकेक तुकडा पडतो. पहिल्या घटकेपासून शेवटच्या घटकेपर्यंत अखंड हजर असणारी माणसे दोनच. एक स्वतः रुग्ण आणि दुसरे त्याच्या उशाशी बसणारे. त्यांना वैद्यकशास्त्र ठाऊक नसेल, पण आजाराची संपूर्ण हकीगत त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणासही ठाऊक नसते. हे ओळखूनच, २०१९ पासून दरवर्षी १७ सप्टेंबरला जो जागतिक रुग्णसुरक्षा दिन पाळला जातो, त्याचा २०२३ सालचा विषय 'रुग्णांचा सहभाग' हा ठेवण्यात आला होता.

आपणा ख्रिस्ती जनांस ही गोष्ट नवी वाटू नये. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीची कथा आहे. ती आपण मिस्साच्या वेळी अनेकदा ऐकली आहे. परंतु तीत मार्काने जो एक तपशील निर्भीडपणे नमूद केला आहे, तो सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. त्या बाईने कित्येक वैद्यांचे उपचार केले, त्यांपायी हाल सोसले, गाठीचे सारे द्रव्य संपविले, आणि इतके करून तिचे दुखणे वाढलेच. उपचाराने होणाऱ्या इजेचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा? गमतीची गोष्ट अशी की, लूक हा परंपरेप्रमाणे स्वतः वैद्य. त्याने हीच कथा सांगताना वैद्यांमुळे दुखणे वाढल्याचा उल्लेख मात्र गाळला आहे. व्यवसायबंधूंची लाज राखण्याची रीत बरीच जुनी असावी, असे कोणास वाटल्यास नवल नाही.

पुढे प्रभू काय करतो ते पाहा. बाई बरी झाली होती. तिला गर्दीतून मुकाट्याने निघून जाऊ दिले असते तरी चालण्यासारखे होते. शिवाय याइराची मुलगी मरणोन्मुख असल्यामुळे तिकडे जाण्याची घाई होती. तरीही प्रभू थांबला. आपणांस कोणी स्पर्श केला याचा त्याने शोध केला, आणि ती बाई भीत व कापत पुढे येऊन सर्वांदेखत आपली खरी हकीगत सांगती झाली. घाईच्या वेळी थांबून एका गरीब, लाजाळू बाईची संपूर्ण हकीगत ऐकून घेणे, हाही तिच्या बरे होण्याचा भाग प्रभूने मानला, असे आम्हांस वाटते. यरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयास काय हवे होते ते कोणासही दिसत होते; तरी प्रभूने ते त्याच्याच तोंडून वदविले. आणि त्यापूर्वी लोकांनी त्या आंधळ्यास गप्प बसण्यासाठी दटावले होते, हे विसरू नये. कफर्णहूम येथील पक्षाघात्याची गोष्टही अशीच आहे. दारात दाटी झाली म्हणून त्याला वाहून आणणारे चौघे परत फिरले नाहीत. छप्पर उसकटून त्यांनी त्याला प्रभूसमोर उतरविले. प्रभूने त्या वाहून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानकार सांगतो. आजाऱ्याबरोबर येणाऱ्या माणसास अडगळ समजणाऱ्यांनी ही कथा पुन्हा एकदा वाचावी.

ख्रिस्तसभेने आजाऱ्यांचा आश्रयदाता म्हणून ज्याला मानिले तो संत कामिलसही प्रथम रुग्णच होता. १५५० साली इटलीत जन्मलेला हा पुरुष तरुणपणी सैनिक व जुगारी होता. पायाची जखम भरेना म्हणून तो रोममधील सान जाकोमो इस्पितळात दाखल झाला. पुढे तेथेच नोकर राहिला आणि अखेर कारभारी झाला. पगारी सेवक आजाऱ्यांची कशी हेळसांड करतात, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. त्यातून त्याने जो सेवकसंघ उभारला त्यास १५८६ साली पोपमहाशयांची मान्यता मिळाली. एकुलत्या एका आजारी लेकराची आई जशी शुश्रूषा करते, तशी प्रत्येक रुग्णाची करावी, असा त्याचा आपल्या सोबत्यांस उपदेश असे. ज्याने खाटेवर पडून दुःख भोगले, त्याच्या अनुभवातून इस्पितळांची सुधारणा झाली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

असेच दुसरे उदाहरण व्हिएन्ना नगरातील आहे. तेथील मोठ्या इस्पितळात दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात शेकडा ३ देखील नाहीत. शहरातील गरीब बायकांस हा भेद चांगला ठाऊक होता. पहिल्या विभागात नेऊ लागताच त्या गुडघे टेकून दुसऱ्यात नेण्याची विनवणी करीत; कित्येक तर रस्त्यातच बाळंत होणे पत्करीत. डॉ. सेमेल्वाइस नामक तरुण वैद्याने ही विनवणी हसण्यावारी नेली नाही. दोन्ही विभागांतील एकेक भेद त्याने तपासला. मरणोन्मुख स्त्रीस अखेरचे संस्कार देण्यासाठी येणारा धर्मगुरू पहिल्या विभागाच्या खोल्यांतून जाई व त्याच्यापुढे घंटा वाजे. त्या धास्तीने बायका मरत असतील काय, असे मनात येऊन त्याने धर्मगुरूस घंटा न वाजविता दुसऱ्या वाटेने येण्यास विनविले. त्या भल्या पुरुषाने ते मान्य केले, पण मरणे थांबली नाहीत. शेवटी कळले की, शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीच्या कामास लागत होते. १८४७ च्या मे महिन्यापासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम झाला आणि मृत्यू झपाट्याने उतरले. त्या बायकांस कारण सांगता येत नव्हते. पण मरण कोणत्या दाराआड आहे हे त्यांनी अचूक ओळखले होते.

परदेशची उदाहरणे एवढी पुरेत. आपल्या महाराष्ट्रातच याहून बोलके उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली आपले काम मांडले. तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली, तिचा वृत्तान्त १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेकडा ९२ स्त्रियांस काही ना काही स्त्रीरोग होता. मात्र पूर्वी त्यासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ च होत्या. एवढे दुःख घरोघर नांदत होते, आणि ते उच्चारण्यास जागा नव्हती. इस्पितळ उभारण्यापूर्वी या दांपत्याने आदिवासी बांधवांस विचारले की, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? त्या लोकांनी मनातील गोष्ट सांगितली. मोठमोठ्या इमारतींची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतील माणसे पाहून प्रेताच्या कफनाची आठवण होते. आणि घरच्यांना जवळ राहू देत नाहीत. तेव्हा इस्पितळच झोपड्यांच्या गावासारखे बांधले गेले, त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले, आणि नातलगांनी रुग्णाजवळ राहावे अशी सोय झाली.

नवजात बालकांविषयीचे त्यांचे कार्य तर आमच्या विषयाचा कळसच होय. ३९ गावांत त्यांनी गावातीलच स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकविले आणि आया व आज्या यांना तान्ह्या बाळाच्या धोक्याची लक्षणे समजावून दिली. तान्हे मूल बोलत नाही. त्याच्या रक्तात जंतुदोष शिरला तर तो ओळखावा कसा? तेथे जी लक्षणे ठरविण्यात आली, त्यांत बाळ आधी चांगले ओढत होते व आता त्याचे ओढणे कमी झाले असे आईस वाटते, तसेच रडणे क्षीण झाले, हीही होती. 'आधी' आणि 'आता' यांतील फरक बाहेरून आलेल्या माणसास कसा कळणार? तो आईच सांगू शकते. आईस काय वाटते यास तेथे वैद्यकीय लक्षणाचा मान मिळाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना चालविली, तिचे मूळ या गावांत आहे.

सरकारी दवाखान्यांच्या बाबतीतही आपल्या राज्यात असा प्रयोग झाला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या अंतर्गत २००७ साली महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकांची देखरेख सुरू झाली; पुण्याच्या 'साथी' संस्थेने तिची राज्यपातळीवरील धुरा वाहिली. गावच्या समितीने आपल्या दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरावयाचे. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई भरावयाची, आणि अधिकाऱ्यांसमोर लोकांनी आपापले अनुभव सांगावयाचे. दवाखान्यात मिळावयाची औषधे बाहेरून आणावयास लावणे, फुकट सेवेसाठी पैसे मागणे, परिचारिकेची फेरी न होणे, असल्या गोष्टी वर्षानुवर्षे कुजबुजीत राहिल्या होत्या. त्या खुल्या सभेत उच्चारल्या जाताच कित्येक ठिकाणी सुधारल्या.

आता आपल्या वणीकडे वळू. सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी वसलेल्या या बाजारपेठेच्या गावाभोवती द्राक्षमळे आहेत. पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे मळ्यांत मजुरीस येतात आणि पुष्कळदा तेथेच भुईवर निजतात. मण्यार नावाचा सर्प रात्री हिंडतो व निजलेल्या माणसास चावतो. त्याचा दंश इतका बारीक असतो की, खूण दिसत नाही, सूज येत नाही, आणि झोपलेल्यास फारसे कळतही नाही. पहाटे माणूस पोट दुखते म्हणून उठतो. दवाखान्यात आणून 'पोट दुखते' एवढेच सांगितले, तर पोटदुखीचे औषध मिळण्याचा संभव असतो. आणि थोड्या अवधीत पापण्या जड होतात, बोबडी वळते, गिळवत नाही, अखेर श्वास कोंडतो. अशा वेळी बरोबर आलेल्या बायकोने 'हे रात्री भुईवर निजले होते, आणि उठल्यापासून डोळे उघडेनात' एवढे एक वाक्य उच्चारले, तर डॉक्टरांचे लक्ष तत्काळ सर्पदंशाकडे वेधते व प्रतिविष वेळेवर सुरू होते. ते वाक्य पदव्यांवाचून उच्चारता येते. पण ते उच्चारण्याचा धीर हवा, आणि ऐकणारा कान हवा.

दुसरी गोष्ट फवारणीची. आपला शेतकरी फवारणीच्या विषासही 'औषध' म्हणतो. त्यामुळे 'औषध पोटात गेले' असे घाबऱ्या घाबऱ्या सांगितले असता गोळ्या पोटात गेल्या की विष गेले, याचाच उलगडा होत नाही. बरे, विषे अनेक जातींची. काहींवर अॅट्रोपीनचा उतारा चालतो, काहींवर त्याचा उपयोग नाही. म्हणून विषबाधा झालेल्या माणसाबरोबर विषाचा डबा किंवा बाटली, वरील चिठ्ठीसह, दवाखान्यात नेलीच पाहिजे. त्या डब्यावरील नाव डॉक्टरांच्या हाती पडले, म्हणजे अर्धा तर्क वाचतो.

तिसरी गोष्ट वाटेची. वणीच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्णास पुढे नाशिकला न्यावे लागले, म्हणजे १०८ क्रमांकाची गाडी येते, धावपळ होते, आणि याच घाईत माहिती सांडते. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, कोणत्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले होते, पोटात पाणी केव्हा गेले, हे पुढच्या दवाखान्यात कोण सांगणार? कागद हरवला तर सोबतच्या माणसाची साक्ष हाच आधार. शिवाय आपल्याकडील कित्येकांची घरची बोली कोकणा आहे. नगरातील डॉक्टरांची भाषा त्यांस अर्धीमुर्धी कळते आणि लाजेने ते होकार भरतात. अशा कुटुंबाबरोबर दोन्ही भाषा जाणणारे एक माणूस धाडणे, ही फळे व दूध नेऊन देण्याइतकीच मोठी दया होय.

औषधांच्या दोषाविषयीही थोडे बोलले पाहिजे. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या रुग्णांपैकी १४ जण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषधखरेदीतील व तपासणीतील अनाचार उघडकीस आणला. मूत्रपिंडे बिघडली की लघवी कमी होते. आणि ती कमी झाल्याचे वॉर्डात सर्वांआधी कोणास कळण्याजोगे असते? भांडे उचलणाऱ्यास. तेव्हा अशी क्षुल्लक वाटणारी गोष्टही परिचारिकेच्या कानावर घालावी. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे. तिच्याकडे स्वतः रुग्णही तक्रार नोंदवू शकतो, त्यासाठी मराठीत नमुनापत्र आहे, आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करता येतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील. काही रागावतीलही, परंतु कायदा आज रुग्णाच्या बाजूस आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने खासगी शुश्रूषागृहांच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावण्याचे बंधन घातले. आपला आजार काय, उपचार कोणता, त्यात धोका काय, खर्च किती, हे विचारणे हा उद्धटपणा नसून हक्क होय. इंग्लंडात २०२१ साली मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून इस्पितळात गेली व पुढे रक्तात जंतुदोष पसरून दगावली. आईबापांनी पुनःपुन्हा बोलून दाखविलेली काळजी वेळीच मनावर घेतली गेली नव्हती. त्यांच्या चळवळीमुळे २०२४ पासून तेथील इस्पितळांत असा नियम सुरू झाला की, रुग्ण खालावत आहे असे नातलगांस वाटले आणि त्यांचे कोणी ऐकेना, तर त्यांनी थेट दुसऱ्या तज्ज्ञ पथकास पाचारण करावे. असे दार आपल्याकडील प्रत्येक रुग्णालयातही उघडले जावो.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो खरा आहे. नातलगांचे घोळके येतात, आरडाओरडा करतात, प्रसंगी हातही उगारतात. असल्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला, ही आपणा सर्वांस लाजिरवाणी गोष्ट होय. ज्या वॉर्डात मारहाण झाली, तेथील डॉक्टर पुढे कोणाही नातलगाचे बोलणे विश्वासाने ऐकणार नाही, आणि त्याचे फळ पुढच्या गरीब रुग्णास भोगावे लागेल. एकाने शांतपणे, वेळेवर, नेमके बोलावे. बाकीच्यांनी बाहेर बसून जपमाळ म्हणावी.

मात्र या सर्वांचा अर्थ असा कोणी करू नये की, रुग्णाच्या सुरक्षेचा भार आता रुग्णाच्याच माथी आला. ज्वराने फणफणलेल्या माणसाने बोलले नाही म्हणून त्याला दोष देणे हा अन्याय होय. भार रुग्णालयाचाच आहे. विचारणे हे त्याचे पहिले कर्तव्य, आणि सांगणे सोपे करून देणे हे दुसरे. आपण केवळ आपली साक्ष त्याच्या हाती द्यावयाची आहे.

तेव्हा या ज्युबिलीच्या वर्षी आपल्या धर्मग्रामाने काय करावे? आमच्या अल्पमतीस पाच गोष्टी सुचतात. पहिली, प्रत्येक घरात आजाराची एक वही असावी. तीत चालू औषधांची नावे, न मानवणारी औषधे व झालेली शस्त्रकर्मे लिहावी, आणि जुने कागद एकाच पिशवीत ठेवावे. दुसरी, दवाखान्यात जाताना घरातील सर्व औषधे, देवऋषी किंवा वैदू यांच्या मुळ्याही, बरोबर न्याव्या व काहीही लपवू नये. तिसरी, इंजेक्शन अगर रक्त देण्यापूर्वी आपले नाव स्वतः मोठ्याने सांगावे, आणि हात धुण्याविषयी नम्रपणे विचारावे. चौथी, घरी सोडताना औषधे कशी घ्यावयाची हे ऐकून तेच परिचारिकेस उलट म्हणून दाखवावे, म्हणजे समजुतीतील चूक तेथेच सापडते. पाचवी, ज्याला कोणी नाही, किंवा ज्याला बोलता येत नाही, अशा आजाऱ्याच्या सोबतीस जाण्यासाठी प्रत्येक वस्तीतून दोन माणसांनी पुढे यावे, मग तो आजारी कोणत्याही जातीचा अगर धर्माचा असो. जखमी वाटसरूस पांथशाळेत नेणाऱ्या शोमरोनी माणसाने त्याचा धर्म विचारला नाही. उलट त्याची काळजी वाहण्यास सांगून, आपण परत येऊ, असे पांथशाळेच्या मालकास बजावले. परत येऊन विचारपूस करणे, हाही त्या दयेचाच भाग होता.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी लूर्दमातेचा सण, म्हणजे ११ फेब्रुवारी, हा आजाऱ्यांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. १९९३ पासून तो पाळला जात आहे. त्या दिवशी आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतोच. यापुढे त्याच दिवशी मिस्सानंतर आजाऱ्यांस व त्यांची सेवा करणाऱ्यांस पुढे बसवावे, त्यांस वर्षभरात दवाखान्यात काय अनुभव आले ते विचारावे, चांगले व वाईट दोन्ही लिहून घ्यावे, आणि ते ग्रामीण रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांपुढे आदराने मांडावे, अशी आमची सूचना आहे. परिचारिका व डॉक्टर यांनाही त्या बैठकीस अगत्याने बोलवावे. त्यांच्या अडचणीही कोणी विचारीत नाही.

ज्या प्रभूने घाईत थांबून एका पिडलेल्या बाईची हकीगत ऐकली, तो आपणांस आजाऱ्याचे ऐकण्याचा धीर देवो, आजाऱ्यास बोलण्याचे धैर्य देवो, आणि ज्यांच्या हाती आपले प्राण सोपविले जातात त्या डॉक्टर व परिचारिकांच्या हातांस यश देवो.